पॅपचं माप

रेनिंगरांच्या घरात थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला कोण कुठे बसलं एवढं बघितलं की वर्षभराचा हिशेब कळतो; कुणाला काही विचारावं लागत नाही. गेल्या वर्षी फेय सासूच्या शेजारी बसली होती. तेव्हा नवऱ्याच्या बंदूकदुरुस्तीच्या दुकानासाठी तिला मागची शेड हवी होती. शेड मिळाली. ह्या वर्षी ती नवऱ्याला, वेंडलला, चिकटून बसली होती, आणि खुर्ची तिने इतकी पुढे ओढली होती की वेंडलशी बोलायचं तर तिच्यावरून बोलावं लागावं. समोरच्या बाजूला नोरीन, वेंडलची धाकटी बहीण. ती एरवी नवऱ्याच्या उजव्या हाताला बसते. आज डावीकडे बसली होती, कारण क्लिफच्या डाव्या डोळ्यावर कालपासून पट्टी होती आणि त्या अंगाने कुणी भांडं पुढे केलं तर त्याला दिसत नव्हतं.

काल दुपारी क्लिफ खडीच्या खाणीत रायफलचा नेम जुळवायला गेला होता. सोमवारी हरणांचा मोसम उघडतो. त्या दिवशी शाळाही बंद असतात, मग आदल्या आठवड्यात खाणीत रांग लागायचीच. रायफलची नळी नवी, वेंडलने बसवलेली. काडतुसं पॅपची. वेंडलच्या बापाला, एल्वुडला, पहिलं नातवंड झाल्यापासून सगळं घर पॅप म्हणतं, आणि पॅपने तळघरात स्वतः भरलेल्या काडतुसांखेरीज ह्या घरात दुसरं काडतूस वापरलं जात नाही. पहिल्याच बाराला भडका पुढे जायच्या ऐवजी मागे आला, आणि पितळेचे कण क्लिफच्या डोळ्यात गेले. नेमबाजीत डोळे सांभाळायचा जाड काचांचा चष्मा ट्रकमध्ये समोरच ठेवलेला होता. इस्पितळात क्लिफ बायकोला म्हणाला की चष्म्याला मात्र ओरखडासुद्धा नाही. तेव्हापासून नोरीन सगळ्यांशी एकाच सपाट आवाजात बोलत होती. डोळा राहतो की जातो ते डॉक्टर पुढच्या आठवड्यात सांगणार होते.

रायफल तशीच ट्रकमध्ये कुलपात होती. काडतूस आत बंद करणारा बोल्ट अडकून बसला होता, उघडत नव्हता. वेंडलने सकाळी ती मागितली, उघडून बघतो म्हणाला. नोरीन म्हणाली, आहे तशी राहू दे.

तर असे दोन आरोपी, नळी आणि काडतूस, आणि दोघांचेही कर्ते एकाच टेबलाला. मधे टर्की.

टर्की कापायचा मान पॅपचा. तो उभा राहून पातळ पातळ काप काढत होता, आणि त्याच्या हाताकडे आज सगळे बघत होते, एरवी ताटाकडे बघायचे. वर्नाच्या, त्याच्या बायकोच्या, ते लक्षात आलं. तिने उगीचच रश्शाचं भांडं फिरवायला सुरुवात केली.

"मी कुणाला दोष देत नाही," फेय म्हणाली.

फेयने असं म्हटलं की समजावं, बोट उचललं गेलंय. तिचं म्हणणं एवढंच होतं, की नळी कोरी, पोलाद चांगलं, वेंडलने आठवडाभर खपून बसवलेली. मग त्या दिवशी त्या रायफलमध्ये जुनं असं काय होतं, ह्याचा ज्याने त्याने आपल्या मनाशी विचार करावा. पॅपचं वय झालं, हे तिने म्हटलं नाही. तिने फक्त त्याला विचारलं, हल्ली तळघरातला दिवा पुरतो का.

"दिवा ठीक आहे," पॅप म्हणाला.

क्लिफने मधे पडून बघितलं. तो म्हणाला की एका डोळ्याचा एक फायदा आहे, नेम धरताना दुसरा मिटावा लागत नाही. नोरीनने त्याच्या ताटात बटाटे वाढले, न विचारता, पुष्कळ.

वेंडल खाली बघून जेवत होता. बोलावंसं त्याला वाटत होतं. रात्रभर त्याने मनातल्या मनात ती नळी पुन्हा पुन्हा बसवून बघितली होती. आटे बरोबर, काडतूस बसायचं घर बरोबर कोरलेलं, बोल्ट कसा लोण्यातून गेल्यासारखा बंद होत होता. पॅपने स्वतः हातात घेऊन बघितला होता. मग उरलं काय? जे उरलं ते बापाच्या तोंडावर म्हणायची त्याची छाती नव्हती, आणि बायको ते परस्पर म्हणते आहे हे त्याला सोयीचंच होतं. चाळिशी उलटलेल्या माणसाला आपली अशी सोय दिसते आणि लाजही वाटते. लाज वाटते म्हणून तो सोय सोडतो असं मात्र नाही.

पॅपने सुरी खाली ठेवली. नॅपकिनला हात पुसले.

"दारू जास्त पडली असणार," तो म्हणाला. "माझ्या हातून."

ह्या माणसाने आजवर एकही चूक आपल्या नावावर घेतल्याचं कुणाला आठवत नव्हतं. एकदा तो भलत्याच चर्चमध्ये भलत्याच लग्नाला अर्धा तास बसून आला होता, तेव्हाही त्याचं म्हणणं, ते लग्नच चुकीच्या जागी चाललं होतं. बाटलीतल्या दारूला तो कधी शिवला नाही. बंदुकीच्या दारूत मात्र त्याचा हात इतका साफ होता, की अर्ध्या दरीतले शिकारी त्याच्याकडे सल्ला विचारायला तळघराचा जिना उतरायचे. सल्ला नेहमी तोच. टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा. रेडिओ बंद. कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही. वर्ना एकदा त्याच जिन्यात पाय मुरगळून बसली, तर हातातली रांग भरून झाल्यावरच त्याने तिला उचललं होतं. तिने ते अजून त्याच्या खात्यावरून काढलेलं नाही.

"झालं तर मग," फेय म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम मऊ झाला. "माणूस म्हटलं की चूक व्हायचीच. आता कुणी कुणावर राग धरायचा नाही."

आणि लगेच तिने पुढचंही मांडलं. तळघरातलं सगळं सामान, दाबयंत्र, साचे, तराजू, वेंडलच्या शेडमध्ये हलवावं. तिथे त्याच्या नजरेखाली राहील. पॅपला बसावंसं वाटलं तर त्याने खुशाल येऊन बसावं. ह्या वर्षी शिकाऱ्यांना वाटलेल्या काडतुसांच्या डब्या परत घ्याव्यात.

"बरं," पॅप म्हणाला.

त्या एका शब्दाने नोरीनचं डोकं फिरलं. तिला वाटलं होतं तो म्हणेल, उरलेली काडतुसं आणा, एकेक गोळी उपटून आतली दारू तोलू. हा त्याचाच नियम. एका काडतुसाची शंका आली की अख्खी डबी उघडायची, आळस करायचा नाही. ती तेच म्हणाली, क्लिफच्या डबीतली उरलेली मी उघडते.

"उघडू नकोस," पॅप म्हणाला. "टाकून द्या."

वर्नाने जेवणानंतरचा गोड पदार्थ, भोपळ्याचा पाय, कापायला घेतला. अजून टर्कीसुद्धा संपली नव्हती.

*

तळघरात नोरीन आणि वेंडल दोघंच उतरले. वेंडल खोका घेऊन फळीवरच्या पिवळ्या डब्या भरू लागला. त्याला बोलायचं होतं, ते आता सुचायला लागलं. तो म्हणाला की क्लिफच्या इस्पितळाचं काय ते मी बघतो. म्हणाला की पॅपला आपण कुणी काही बोलायचं नाही, बिचाऱ्याने कबूल केलं हेच पुष्कळ. बिचारा हा शब्द पॅपसाठी ह्या घरात पहिल्यांदाच वापरला गेला.

नोरीन टेबलासमोर उभी होती. लहानपणी ती इथेच स्टुलावर बसून रिकाम्या पुंगळ्या निवडायची, चिरलेल्या एकीकडे, चांगल्या एकीकडे. वेंडलला तेव्हा ह्या कामाचा कंटाळा यायचा. पुढे पॅपची जुनी रायफल वेंडलला मिळाली, शेड वेंडलला मिळाली, आणि तिला मिळाली शाबासकी, ती सुद्धा नाताळच्या नाताळला. हे ती मोजत नाही असं ती म्हणते.

तिने एक डबी उघडली आणि सवयीने एक काडतूस उचलून दिव्याकडे धरलं.

बुडावर काळ्या शाईची रेघ होती, पॅप ओढतो तशीच. जरा हललेली. पितळ घासून जुनं केलेलं होतं. पण पुंगळीचं तोंड गोळीभोवती आवळलेलं होतं, गोल, एकसारखं, यंत्रावर आवळतात तसं. पॅप तोंड आवळत नाही. ज्यांना आपल्या हाताची खात्री नाही ते आवळतात, हे वाक्य नोरीनने पाढ्यांच्या आधी ऐकलेलं होतं.

तिने दुसरं बघितलं. तिसरं. मग दाबयंत्राच्या दांड्याकडे बघितलं. दांड्याच्या मुठीवर धूळ होती.

"काय गं?" वेंडलने विचारलं.

"काही नाही. तू खोका घेऊन वर जा."

तो गेला. नोरीन स्टुलावर बसली. ही काडतुसं पॅपने भरलेली नव्हती. दुकानातून विकत आणलेली होती. दुकानातल्या काडतुसात दारू जास्त पडत नसते. म्हणजे चूक नळीत. म्हणजे वेंडलची. आणि तो आत्ता, तिच्यासमोर, बापाला बिचारा म्हणून वर गेला होता.

जिना चढून एक वाक्य बोलायचं होतं, बस. तिने ते मनात दोन तीन प्रकारे बोलून बघितलं, आणि प्रत्येक वेळी फेयचा चेहरा कसा होईल तेही बघितलं. चेहरा चांगला होत होता. पण ते वाक्य बोललं की पॅपचं काय होईल, तेही त्याच वाक्यात होतं.

*

वर्ना भांडी घासत होती. नोरीन तळघरातून वर आली आणि स्वयंपाकघरातून न थांबता मागच्या ओसरीकडे गेली, मुठीत काहीतरी घेऊन. काय असणार ते वर्नाने ओळखलं.

जुनी झालेली दारू पॅप गुलाबांच्या बुडाशी टाकतो; खत होतं. एरवी वर्षाला मूठभर. ह्या वर्षी गुलाबांना नुसती पानंच पानं आली, काळीशार, आणि फूल एकही धरलं नाही. बागकाम कळणारी बाई पानं बघून समजते, बुडाशी किती दारू पडली. वर्नाने विचारलं नाही. मग सप्टेंबरमध्ये तो तिला म्हणाला, डोंगरापलीकडे जाऊन येऊ. तिथल्या दुकानात त्याला कुणी ओळखत नव्हतं. ती गाडीत बसून राहिली, आणि तो पोतडी कोटाखाली धरून बाहेर आला, म्हाताऱ्या चोरासारखा. परतीच्या वाटेवर दोघं हवेविषयी बोलले.

तिने नळ बंद केला. बाहेर काय चाललंय ते ऐकायला नव्हे, असं तिने स्वतःला सांगितलं.

*

पॅप कोट घालून ओसरीत बसला होता. नोरीनने काडतूस त्याच्या तळहातावर ठेवलं.

"तोंड आवळलेलं आहे, पॅप."

त्याने बघितलं नाही. "कुणाला दाखवलंस?"

"अजून नाही."

"मग नको दाखवूस."

मग त्याने तिला तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. मार्चमध्ये एकदा त्याने मापाच्या नळकांड्यात दारू भरली, जेवायला वर आला, आणि खाली गेल्यावर आत कोणती दारू आहे ते आठवेना. दाणे दिसायला सारखेच. टाकून दिली. असं पुन्हा झालं. नंतर एकदा त्याला टेबलावर दोन डबे उघडे दिसले आणि दुसरा आपण कधी उघडला हे कळेना. त्या दिवशी त्याने दिवा मालवला, तो आजतागायत दारू भरायला म्हणून लावला नव्हता.

"मला सांगायचंत."

"सांगून काय? एल्वुड रेनिंगरला स्वतःचे डबे ओळखू येत नाहीत, हे गावभर झालं असतं."

"आणि क्लिफचा डोळा?"

"म्हणून तर माझ्या नावावर घेतला," पॅप म्हणाला. "वेंडलचं दुकान उन्हाळ्यात उघडलंय. त्याच्या नळीने माणूस आंधळा झाला म्हटल्यावर कोण येईल त्याच्याकडे? माझं नाव नाहीतरी जायचंच आहे. जाता जाता काहीतरी झाकून जाऊ दे."

हा माणूस नोरीनच्या नवऱ्याच्या डोळ्याची मांडवली तिला न विचारता करत होता, आणि तरी तिला त्याचा राग धरता येत नव्हता. मग तिच्या मनात दुसरीच गोष्ट आली.

"वेंडलने अजून कुणाकुणाला नळ्या बसवून दिल्या?"

"रॉय होस्टेटरला. शाळेतल्या त्या मास्तरला. अजून एक दोघं."

"सोमवारी सकाळी ते सगळे जंगलात असतील."

"त्या नळ्या चांगल्या आहेत," पॅप म्हणाला. "क्लिफच्या नळीत पोलादच खराब निघालं असेल. बाकी प्रत्येक मी स्वतः तपासली. माझं काडतूस घालून बघितलं. बोल्ट असा घट्ट, बेताचा..."

तो थांबला. काडतुसाचा जिथे गळा सुरू होतो तो उतार, त्याला खांदा म्हणतात. पॅपचा अंगठा तिथे येऊन थांबला होता.

"कुठलं काडतूस घालून?" नोरीनने विचारलं.

"माझं. जुन्यातलं." त्याचा आवाज खाली गेला. "माझा पुंगळ्यांचा साचा माझ्या जुन्या रायफलच्या मापाला लावलेला आहे, नोरीन. तिचं घर झिजून लांब झालंय. मी भरलेली काडतुसं तिच्या मापाची. खांद्याशी लांब."

ती लहानपणापासून ऐकत आली होती, की दुसऱ्यांच्या रायफलमध्ये पॅपची काडतुसं जड बसतात. क्लिफ तर दर वर्षी कुरकुरायचा. पॅपचं उत्तर ठरलेलं, जड बसलं म्हणजे बरोबर बसलं.

"आणि वेंडलने घर कोरताना माप कशाचं घेतलं?"

पॅप खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठला, काडतूस मुठीत घेऊन आत गेला, आणि स्वयंपाकघरात सगळे कॉफी घेत होते तिथे उभा राहिला.

"मी मघाशी खोटं बोललो," तो म्हणाला. "काडतुसं माझी नाहीत."

"मग कुणाची?" फेयने विचारलं.

"दुकानातली. विकत आणलेली."

फेयने कप खाली ठेवला. तासाभरापूर्वी कुणी राग धरायचा नाही म्हणणारी बाई आता विचारू लागली, की म्हणजे हे सगळं आता वेंडलवर ढकलायचं ठरलंय का, आणि बहीण मागच्या ओसरीत जाऊन हेच ठरवून आली का. वर्नाने तिला हळूच सांगितलं की डोंगरापलीकडच्या दुकानात मीच सोबत गेले होते. तेव्हा फेय सासूकडे अशी वळली, जणू सासूने शेड परत मागितली होती.

वेंडल उठला. त्याचे कान लाल झाले होते. "मी माप घेऊन बसवली आहे नळी."

"कुठलं माप?" पॅपने विचारलं.

"तुमचं. दुसरं कुठलं? घरात पॅपचं काडतूस असताना पोलादी माप कोण विकत आणतो? तुम्हीच म्हणायचात, ज्याला आपलं काडतूस माहीत नाही त्याने माप वापरावं."

"म्हणायचो," पॅप म्हणाला.

तेव्हा क्लिफ, जो इतका वेळ भोपळ्याच्या पायच्या तुकड्यावरून क्रीम बाजूला काढत होता, म्हणाला, "डावीकडचा खालचा ड्रॉवर. मागे सरकलं असेल."

क्लिफ हत्यारांच्या कारखान्यात कामाला. काही वर्षांपूर्वी नाताळात त्याने सासऱ्याला दोन पोलादी मापं स्वतः घासून आणून दिली होती. एक असं, की ते घातल्यावर बोल्ट बंद झालाच पाहिजे. दुसरं किंचित लांब. त्यावर बोल्ट बंद होता कामा नये. पॅपने त्याचे आभार मानले होते, अपमान झालेला माणूस मानतो तसे, आणि मापं कागदासकट ड्रॉवरमध्ये टाकली होती.

सगळे खाली उतरले. वेंडलने स्वतःची रायफल आणली, नळी त्याच हत्याराने, त्याच मापाने कोरलेली. रिकामी आहे हे त्याने दोनदा बघितलं आणि पॅपने तिसऱ्यांदा. लांबवालं माप वेंडलने आत सरकवलं. बोल्ट पुढे नेला. बोल्टची मूठ खाली दाबायला त्याने हात उचलला.

दाबावी लागली नाही. मूठ आपल्याच वजनाने खाली आली आणि टक् असा आवाज झाला.

वेंडलने मूठ वर केली, सोडली. ती पुन्हा पडली. कोणी काही समजावून सांगायची गरज नव्हती, तरी पॅप सांगत होता, स्वतःलाच सांगितल्यासारखं, की दुकानातलं आखूड काडतूस त्या घरात सैल पडतं, मागे पोकळी राहते, बार उडाला की पितळ ताणलं जातं आणि बुडाशी फाटतं. माझी काडतुसं घातली असती तर काही झालं नसतं. ह्या रायफली फक्त माझ्या हाताला बसतात.

"तुमच्या हाताला," वेंडल म्हणाला. ह्यात राग किती आणि दुसरं काय किती, हे त्यालाही सांगता आलं नसतं. त्याने पहिल्यांदा क्लिफकडे बघितलं, पट्टीकडे, आणि तोंड उघडलं.

"नंतर," क्लिफ म्हणाला. "आधी होस्टेटर."

*

फोन स्वयंपाकघराच्या भिंतीवर. फेयचं डोकं एव्हाना पुन्हा चालू झालं होतं, आणि तिचं डोकं चालतं हे कुणीच नाकारत नाही. तिचं म्हणणं, खरं सांगायची काय गरज? सगळ्यांना कळवायचं, दुकानाचं पहिलं वर्ष, मोसमाआधी मोफत सफाई करून देतो, रायफल घेऊन या. रायफली हातात आल्या की शेडमध्ये गुपचूप दुरुस्त करायच्या. दुकान राहील, पॅपचं नावही राहील.

वेंडलने पॅपकडे बघितलं. पॅपने वर्नाकडे. कुणी नको म्हटलं नाही, हे लिहून ठेवण्यासारखं आहे. चांगली युक्ती होती.

"सफाई म्हणालात," क्लिफ म्हणाला, "तर होस्टेटर म्हणेल, मोसम झाल्यावर आणतो. मी तेच म्हटलं असतं."

नोरीनने नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला, उजव्या.

दरीतले सगळे नंबर वर्नाला पाठ. तिने लावला आणि रिसीव्हर वेंडलच्या हातात दिला. वेंडलने थँक्सगिव्हिंगच्या शुभेच्छा दिल्या, आणि मग खरंखुरं सांगितलं, घर लांब कोरलं गेलंय, माझ्याकडून, ती रायफल झाडायची नाही. त्याने आवाज घट्ट ठेवला होता. पलीकडून बरंच बोलणं झालं. वेंडलचा चेहरा बदलला. त्याने रिसीव्हरवर हात ठेवला.

"तो म्हणतो, काळजी नको. तो दुकानातलं घालतच नाही. तो म्हणतो, त्याच्याकडे पॅपची पिवळी डबी आहे, ह्याच महिन्यात पॅपने दिलेली."

पॅपने रिसीव्हरसाठी हात पुढे केला.

रॉय होस्टेटरला कमी ऐकू येतं. सगळा जन्म बंदुकीशेजारी गेलेल्या माणसाला येतं तेवढंच.

"रॉय," पॅप म्हणाला. "त्या डबीतली मी भरलेली नाहीत."

तो थांबला, ऐकू लागला.

"नाही, डबी माझीच. आतली नाहीत. मी भरलेली नाहीत, म्हणतोय."

वेंडल कोट चढवू लागला. नोरीनने ट्रकची किल्ली त्याच्या हातात न देता स्वतःच कोट अंगात घातला. ती गाडी चालवणार होती. फेय टेबलापाशी बसून राहिली, दोन्ही हात कपाभोवती, आणि कप रिकामा होता.

पॅप भिंतीकडे वळला. मोकळा हात त्याने भिंतीवर टेकला आणि आवाज चढवला. आता तो ओसरीत ऐकू गेला असता, रस्त्यावर ऐकू गेला असता.

"दुकानातली आहेत, रॉय. विकत आणली. हो, मीच. मी विकत आणली." आणि मग पलीकडच्याने कारण विचारलं असावं, कारण पॅपने डोळे मिटले आणि त्याच मोठ्या आवाजात, प्रत्येक शब्द वेगळा करून सांगितलं, "मला आता जमत नाही म्हणून."

त्याने डोळे उघडले.

"रायफलला हात लावू नकोस," पॅप म्हणाला. "पोरं न्यायला निघाली आहेत."

त्याने बोटाने फोन तोडला. रिसीव्हर कानाशीच धरून ठेवला.

"पुढचा लाव," तो वर्नाला म्हणाला.